ओला दगड खोटं बोलतो

माझ्या तीन खिडक्यांमध्ये काचेबरोबर दगडही आहेत. ते दगड ज्याने घासून पातळ केले, त्या माणसाला आता न्हाणीघरापासून खाटेपर्यंत यायला मध्ये दोनदा बसावं लागतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध किती, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. नवरा म्हणतो, तीस वर्षं दगडाच्या धंद्यात असलेल्या माणसाचं हे आज ना उद्या होणारच होतं. ते पटवून घ्यायला मला फार आवडलं असतं.

मी रंगीत काचेच्या खिडक्या करते. नवऱ्याची नोकरी सरकारी बँकेतली, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली, आणि दर बदलीत माझ्या काचांच्या पेट्या बघून हमाल कपाळाला हात लावणार हेही ठरलेलं. बाकीच्या गावांत माझं काम म्हणजे 'वहिनींचा छंद' होता. कोलकात्यात पहिल्यांदा त्याला काम म्हणून किंमत आली. इथे जुन्या चर्चमधल्या, जुन्या बंगल्यांमधल्या कितीतरी खिडक्या फुटून पुठ्ठे लावून ठेवलेल्या आहेत आणि त्या दुरुस्त करणारे हात थोडे. डमडमच्या आमच्या फ्लॅटची मागची बाल्कनी मी बंद करून घेतली, लांब टेबल टाकलं आणि कामाला लागले.

या कामात काच कापायची, तिच्या कडा घासायच्या, शिशाच्या पट्ट्यांमध्ये तुकडे बसवायचे आणि सांध्यांना डाख द्यायचा. शिसं विषारी असतं. म्हणून मी हातमोजे घालते, उठले की कोपरापर्यंत साबण लावते, बाल्कनीत कुणाला चहाचा कप आणू देत नाही. कड घासायच्या यंत्रातला स्पंज पाण्याने भिजलेला असल्याशिवाय मी बटण दाबत नाही. काचेची धूळ एकदा छातीत गेली की बाहेर येत नाही, असं माझ्या पुण्याच्या शिक्षिकेने पहिल्याच दिवशी दरडावून सांगितलं होतं. नातेवाईक आले की ही माझी शिस्त मी त्यांना कौतुकाने दाखवायचे. तेव्हा हे लक्षात असू द्या, की मी अडाणी नव्हते.

दुरुस्तीत हात बसतो, पण ते शेवटी दुसऱ्याचं चित्र. मला माझं काहीतरी करायचं होतं. एकदा सुट्टीत जळगावकडच्या नणंदेकडे गेले असताना तिच्या दिवाणखान्यातली अकीकाची एक चकती मी सहज उचलून उन्हात धरली. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये सापडतो तो हा दगड, आत रेषांवर रेषा असलेला. कडेला जिथे ती पातळ होती, तिथून मधासारखा उजेड आला. काचेचा रंग भट्टीवाल्याने ठरवलेला असतो. हा कुणीच ठरवलेला नव्हता. मी तिथल्या तिथे नणंदेकडे ती चकती मागितली, आणि तिने तोंड वाकडं करून का होईना, दिली.

पुढच्याच वर्षी राजारहाटच्या एका नव्या इमारतीचं काम आलं. तळमजल्याच्या दालनात दोन मजले उंच खिडकी हवी होती आणि विषय नदी. मी आर्किटेक्टला म्हटलं, नदीचं पाणी मी दगडाचं करीन. त्याला वाटलं चेष्टा करतेय. मी ती चकती त्याच्या टेबललॅम्पसमोर धरली आणि काम मला मिळालं. चौतीस दगड लागणार होते आणि दुर्गापूजेच्या आधी खिडकी उभी राहायला हवी होती.

गुजरातेतून एका व्यापाऱ्याने चकत्या पाठवल्या, त्या जाडजूड. त्यांतून उजेड काय, सूर्यही आरपार गेला नसता. त्या निम्म्याहून पातळ करायला हव्या होत्या आणि तेवढी ताकद माझ्या बाल्कनीतल्या यंत्रात नव्हती. बहूबाजारच्या एका सराफाने मला हावड्याचा पत्ता दिला. बंगाली माणूस ग्रहांच्या अंगठ्या घालण्यात कुणाला हार जाणार नाही, आणि त्या अंगठ्यांचे खडे घासणारा हा कारागीर. अर्ध्या शहराची साडेसाती त्याच्या चाकावरून गेलेली होती.

लेथच्या कारखान्यांच्या गल्लीत त्याची पत्र्याची खोली होती. एक दार आणि वरती एक झरोका. वय पन्नाशीचं, अंगाने किरकोळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. चाकाच्या वर एक डालड्याचा डबा टांगलेला, त्याला बारीक भोक, आणि त्यातून चाकावर पाण्याची धार. तो खोलीत शिरला की आधी डबा भरायचा, धार नीट पडते का बघायचा आणि मगच मोटरचं बटण दाबायचा. ते बघून मला त्याच्याबद्दल लगेच आदर वाटला. हा आपल्यातला माणूस आहे, असं वाटलं. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला दीदी. बोलणं म्हणजे खिचडी होती. तो बंगालीत सुरुवात करायचा, मी चार शब्द बंगालीत बोलून हिंदीत घसरायचे, आणि मग तोही माझ्यासाठी हिंदीत यायचा.

पहिल्या सहा चकत्या त्याने आठवड्यात केल्या. चाकावरून उचलून त्याने एकेक माझ्या हातात दिली आणि मी दारातल्या उजेडात धरली. काय सुंदर दिसत होत्या! तपकिरी, केशरी, मध्ये एक निळसर रेघ. मी आनंदाने त्या घरी आणल्या, शिशात बसवल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या. मठ्ठ, पांढुरक्या, मेलेल्या. मला आधी कळेचना काय झालं. मग एका चकतीवर थेंबभर पाणी टाकलं आणि तेवढ्यात ती पुन्हा जिवंत झाली. ओला दगड उजेड जास्त सोडतो, हे एवढं साधं. दादा ओला दगड दाखवत होता आणि मी ओलाच पसंत करत होते.

याला दोन सोपे उपाय होते. दगडाला दोन्ही बाजूंनी आरशासारखं पॉलिश केलं असतं, किंवा वर राळेचा हात दिला असता, तर तो कायम ओल्यासारखाच दिसला असता. गुजरातच्या व्यापाऱ्याने फोनवर हेच सांगितलं. मला ते नको होतं. पॉलिश केलेला दगड म्हटलं की मला हॉटेलची लॉबी आठवते. मला दगड दगडासारखा हवा होता, खरखरीत, हाताला लागणारा, आणि तरी आतून उजळलेला. या हट्टाला मी तेव्हा कलेची निष्ठा वगैरे म्हणायचे. आज मी त्याला नखरा म्हणते.

खरखरीत ठेवून उजेड हवा असेल तर दगड आणखी पातळ करायला हवा, आणि किती पातळ ते ठरवायला कोरडा दगड बघायला हवा. दादाचा मार्ग त्याच्या स्वभावासारखा शांत होता. पाण्यावर घासायचं, फळीवर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर बघायचं, कमी वाटलं तर पुन्हा घासायचं. मी म्हटलं, "दादा, ऑगस्ट आहे. माझ्या घरी टॉवेल चार-चार दिवस वाळत नाहीत, दगड काय वाळणार?" चौतीस दगड, प्रत्येकाला तीन-चार फेऱ्या, आणि पूजा तोंडावर आलेली.

मग मी म्हटलं, शेवटचं घासणं कोरडं करा. धार बंद ठेवा. घासायचं, बल्बसमोर धरायचं, पुन्हा घासायचं. जागच्या जागी कळेल.

त्याने वर डब्याकडे बघितलं. "दीदी, धुलो उडबे."

"गामछा बांधा ना तोंडाला."

"पानी में क्या दिक्कत है?"

तेव्हा मी माझं ते सुभाषित ऐकवलं. ओल्याला बंगालीत भेजा म्हणतात हे मला नुकतंच कळलं होतं आणि तो शब्द वापरायची संधी मी सोडणार नव्हते. "भेजा पाथोर मिथ्ये बॉले, दादा." ओला दगड खोटं बोलतो. तो हसला. म्हणाला, दगड खोटंही बोलत नाही आणि खरंही बोलत नाही, तो गप्प असतो. पण त्याने गामछा बांधला. मोठं काम होतं, माझ्या नावावर आणखी कामं येतील असं मी त्याला वारंवार सांगितलं होतं, आणि अंगठ्यांचे खडे आता बाहेरून तयार येऊ लागले होते. नाही म्हणायची त्याची परिस्थिती नव्हती. हे मला कुणी सांगायला नको होतं.

कोरडं चाक दगडाला लागलं की वेगळाच आवाज येतो, दातांना कळणारा. पहिल्याच दिवशी खोलीभर पांढरा धुरळा झाला. कालीमातेच्या कॅलेंडरवर, चहाच्या ग्लासवर, दादाच्या भुवयांवर. मी दाराबाहेर उभी होते. माझ्या तोंडावर मास्क होता, दोन्ही बाजूंना गोल गाळण्या असलेला, मी काचेच्या कामासाठी मागवलेला. पिशवीत तसाच दुसरा होता, नवा, पाकिटातला. तो मी जपून ठेवला होता. त्याला द्यावा असं मनात आलं नाही असं नाही. आलं होतं, पण गाळण्या महाग मिळतात, त्याच्याकडे गामछा आहे, आणि पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न आहे, असं काहीतरी मनाशी म्हणून मी पिशवीची चेन ओढली.

दगड मात्र साधले. खोटं का सांगू, तसं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दादाच्या बोटांना पातळपणा कळायचा. डोळे मिटून तो चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, इथे अजून दोन घास. बल्बसमोर धरली की तिथेच उजेड अडलेला असायचा.

दुसऱ्या महिन्यात त्याला खोकला लागला. मधूनमधून तो चाक थांबवून बाहेर येऊन बसायचा. एकदा बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कष्टो होच्छे, दीदी."

आता या शब्दाचं सांगायला हवं. मराठी माणूस कष्ट करतो, बंगाली माणसाला कष्ट होतो. आपल्याकडे कष्ट म्हणजे मेहनत, कष्टाळू म्हणजे गुणी. त्यांच्याकडे कष्ट म्हणजे यातना, जिवाला होणारा त्रास. कोलकात्यात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात लिफ्ट बंद पडलेली असताना शेजारणीने मला जिन्यात विचारलं होतं, "कष्टो होच्छे?" मी ठसक्यात सांगितलं, हो तर, सकाळपासून कष्टच चाललेत, अख्खं घर धुऊन काढलं. ती बिचारी धावत जाऊन ओआरएसचं पाकीट घेऊन आली. हा किस्सा मी आमच्या मराठी मंडळींत हळदीकुंकवाला रंगवून सांगितलेला होता.

आणि तरी दादाला मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, आमच्याकडे म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ती मी त्याला हिंदीत समजावूनही सांगितली, टाकी म्हणजे काय, घाव म्हणजे काय, हातवारे करून. दगडाचं काम करणाऱ्या माणसाला दगडाची म्हण सांगितली म्हणून मी स्वतःवर खूश होते. त्याने नम्रपणे ऐकून घेतलं आणि उठून चाकाशी गेला.

खिडकी पूजेच्या आधी उभी राहिली. सकाळी नऊच्या सुमारास पूर्वेचं ऊन तिच्यातून फरशीवर यायचं आणि लोक चपला हातात घेतल्यासारखे हळू चालायचे. फोटो छापून आले. उद्घाटनाला मी दादाला बोलावलं होतं, पण तो आला नाही. अंगात कणकण आहे म्हणाला. मला जरा रागच आला, एवढं बोलावून येत नाही म्हणजे काय. त्या खिडकीने आणखी दोन कामं आणली, आणि दोन्हीचे दगड त्यानेच घासले, त्याच खोलीत, तसेच कोरडे. आता घाई नव्हती. पाण्यावर घासून वाळवायला हवा तेवढा वेळ होता. पण पद्धत बसली होती, आणि बसलेली पद्धत कोण मोडतो? मी मोडायला हवी होती. एवढं एक वाक्य म्हणायचं होतं, दादा, आता धार चालू ठेवा. ते मी दीड वर्षात म्हटलं नाही.

मग त्याचा फोन लागेनासा झाला. मी नदीखालच्या मेट्रोने हावड्याला गेले तर खोलीला कुलूप. शेजारच्या लेथवाल्याने घर दाखवलं.

तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. मला बघून हसला आणि काही बोलायला गेला, पण वाक्य मध्येच सोडून श्वास घेत राहिला. बउदी, म्हणजे त्याची बायको, शेजारी बसली होती. तिने सांगितलं ते असं. आधी सगळे टीबी म्हणाले. सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या, उतार पडला नाही. मग छातीच्या सरकारी दवाखान्यात मोठा फोटो काढला, तेव्हा डॉक्टरने विचारलं, दगडाचं काम करता का? फुप्फुसांत दगडाची धूळ बसली आहे, ती निघणार नाही, आता जेवढा श्वास आहे तेवढा जपायचा. जुनी थोडी असेलच, पण एवढी कुठून आली, पाण्यावर काम करत होता ना? डॉक्टरला लेखी हवं होतं. ज्याने काम दिलं त्याने लिहून दिलं की दगड कोरडा घासून घेतला, तर हा कामामुळे झालेला आजार म्हणून नोंदला जाईल आणि सरकारकडून औषधाची, घरची सोय होईल. नाहीतर कागदावर एवढंच राहील, की हा माणूस विडी ओढत होता.

"ये तो आपका नाम नहीं लेता," बउदी म्हणाली. "इसलिए मैं बोल रही हूँ."

मी त्याच दिवशी हो म्हटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "लेखी काही देऊ नकोस," म्हणाला. "मदत कर, पाहिजे तेवढी कर, पण सही नको. उद्या कुणी कोर्टात उभं करील." बँकेतल्या माणसाला सही म्हणजे काय ते कळतं, त्याचं म्हणणं चूक नव्हतं. चार दिवस आम्ही त्यावर भांडलो. शेवटी तोच म्हणाला, बरं, द्यायचंच असेल तर भाषेचं लिही. तू बाहेरची, तो बंगाली, तो काय म्हणतोय ते तुला कळलं नाही. ते खरंही आहे.

मला तो सल्ला इतका सोयीचा वाटला की त्यात सोय आहे हेही मला दिसलं नाही. कष्टाची ती गोष्ट मी तोपर्यंत आमच्या मंडळींत सांगू लागले होते, या वेळी हसवायला नव्हे. एका शब्दाचे दोन अर्थ आणि त्यात एक माणूस खाटेला खिळला, अशी. बायका डोळे पुसायच्या. "अगं, तुझी काय चूक त्यात?" म्हणायच्या. मला बरं वाटायचं. ओआरएसचा भाग मी गाळायला लागले होते.

पत्र मी इंग्रजीत लिहिलं. काय काम होतं, किती दिवस, बंद खोली, पाण्याची धार माझ्या सांगण्यावरून बंद केली, मास्क दिला नाही. हे सगळं मी खरं लिहिलं आणि लिहिताना रडले. मग शेवटून दुसरं वाक्य लिहिलं: 'त्यांनी आपला त्रास मला बोलून दाखवला होता, परंतु भाषेच्या गैरसमजामुळे तो माझ्या लक्षात आला नाही.' ते लिहिताना मात्र डोळे कोरडे होते.

दुपारी पत्र घेऊन गेले. खाटेशी आता ऑक्सिजनचं यंत्र आलं होतं, घरघर करणारं. दादा डोळे मिटून पडला होता. बउदी जमिनीवर विळी घेऊन परवर चिरत होती. इंग्रजी तिला येत नव्हतं, म्हणून मी एकेक वाक्य हिंदीत सांगत गेले. ती मान हलवत होती. त्या वाक्याशी तिचा हात थांबला.

"क्या नहीं समझीं आप?"

मी तिला समजावलं. आमच्या भाषेत कष्ट म्हणजे मेहनत. दादा म्हणाले कष्टो होच्छे, मला वाटलं काम अवघड जातंय. सरावाने मी ते फार नीट सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, आवाजही चढवला नाही. एखाद्याला पत्रिकेतली चूक दाखवावी तशी म्हणाली, "लेकिन इन्होंने तो आपको हिंदी में भी बोला था, दीदी. मैं चाय लेके आई थी उस दिन. बोला था, तकलीफ हो रही है, साँस नहीं आ रहा."

यंत्र घरघरत होतं. मला आठवायला वेळ लागला असं मी म्हणू शकले असते, पण एक क्षणही लागला नाही. तिने चहाच्या ग्लासवर धूळ पडू नये म्हणून बशी झाकून आणली होती. दादाने चाक बंद करून गामछा खाली ओढला होता, तळहात छातीवर ठेवला होता आणि माझ्या डोळ्यांत बघून तो हिंदीत बोलला होता, कारण मला बंगाली नीट कळत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने माझी सोय बघितली होती. आणि मी हिंदीतच उत्तर दिलं होतं. "बस, दो-चार और, दादा. पूजा से पहले निपट जाएगा." बल्बसमोर धरलेली चकती खाली न ठेवता.

"थाक ना," खाटेवरून आवाज आला. राहू दे ना. दादाचे डोळे उघडे होते. तो बायकोला म्हणत होता, पण बघत माझ्याकडे होता. "थाक ना," पुन्हा एकदा, दोन श्वासांमध्ये.

बउदीने खाली बघून परवर चिरायला घेतलं. तेवढ्यावर मला उठता आलं असतं. पत्र तसंही कामाचं होतं, डॉक्टरला हवं ते सगळं त्यात होतं. पण मी पिशवीतून पेन काढलं, गुडघ्यावर कागद ठेवला आणि ते वाक्य खोडलं. वरती, दोन ओळींच्या मधल्या जागेत लिहिलं, त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं आणि मला ते समजलं होतं. खोडाखोडीशेजारी सही केली. मग ते दोघांनाही ऐकू जाईल असं हिंदीत वाचलं. "इन्होंने मुझे साफ बताया था. और मैं समझ गई थी."

वाचून झाल्यावर मी खाटेकडे बघितलं. त्याने पुन्हा एकदा थाक ना म्हणावं म्हणून मी वाट बघत होते, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं, आणि त्याची लाज वाटत असूनही मी वाट बघत राहिले. त्याला नीट ऐकू आलं होतं. तो जागा होता, माझ्याकडेच बघत होता. या वेळी तो म्हणाला नाही.